ड्रोनच्या कॅमेऱ्याची केबल बदलणे : मोबाइल कारागिरांसाठी एक जोडकाम

रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही यांच्या दुरुस्तीवर एकेकाळी आपल्या अनेक कारागिरांची घरे चालली. ही कामे एकामागून एक बसली. त्यांच्या जागी मोबाइल आला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंत, पुढे तालुक्याच्या बाजारापर्यंत मोबाइल दुरुस्तीची टेबले लागली. आज त्या टेबलांवरही गर्दी आहे. एका गल्लीत चार दुकाने, आणि चौघांकडे तेच डिस्प्ले, तेच चार्जिंग जॅक. अशा वेळी हातात असलेल्या कौशल्याला लागूनच असलेले एखादे काम शिकून घेतले, तर नवे भांडवल फारसे लागत नाही.

असे एक काम म्हणजे एफपीव्ही ड्रोनच्या कॅमेऱ्याची केबल बदलणे. भिंग किंवा मायक्रोस्कोप, बारीक चिमटा, बारीक पेचकस, मल्टिमीटर आणि स्थिर हात, एवढी सामग्री मोबाइलच्या कारागिराजवळ आधीच असते. नसते ती माहिती. ती या लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

एफपीव्ही म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू. साधा ड्रोन उडवणारा माणूस यंत्राकडे किंवा फोनच्या पडद्याकडे पाहतो. एफपीव्ही ड्रोन उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवतो आणि ड्रोनच्या नाकाशी बसवलेल्या कॅमेऱ्यातून जे दिसेल त्यावर उडवतो. जणू तो स्वतः ड्रोनमध्ये बसला आहे. लग्नाच्या मांडवात दारातून शिरून झुंबराखालून निघणारे, मध्ये कोठेही न तुटणारे चित्रण आपण पाहिले असेल. ते याच यंत्राचे. शर्यतीही याच ड्रोनच्या होतात.

हा ड्रोन आपटणार हे धरूनच चालावे. हौशी माणूस तो आठवड्यातून दोन वेळा आपटतो, व्यावसायिक थोडा कमी. आणि आपटल्यावर ज्या वस्तू वारंवार जातात, त्यांत प्रॉपेलरनंतर कॅमेऱ्याची केबल बरीच वर येते, कारण कॅमेरा सर्वांत पुढे असतो आणि मार तोच खातो.

भारतात या दुरुस्तीला आणखी एक कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांसाठी परवानगीने सवलत ठेवली. सुट्या भागांच्या आयातीला मात्र मोकळीक राहिली. म्हणजे बिघडला की टाकून परदेशातून दुसरा मागवावा, असा मार्ग सामान्य गिऱ्हाइकाला राहिला नाही. भाग आणा, जुळवा, दुरुस्त करा, हाच धंदा उरला. आणि दुरुस्ती ज्याला येते त्याला गिऱ्हाईक शोधत येते.

केबलीचे दोन प्रकार

पहिला प्रकार अॅनालॉग कॅमेऱ्याचा. यात तीन तारा पुरतात : एक ५ व्होल्टची, एक ग्राउंड आणि एक चित्राची. काही कॅमेऱ्यांत मेनू बदलण्यासाठी चौथी असते. कॅमेऱ्याच्या पाठीला बारीक प्लग आणि दुसरे टोक फ्लाइट कंट्रोलरच्या पाटीवर सोल्डर केलेले. टीव्ही-व्हीसीआरवर काम केलेल्या उस्तादांना हे चित्र ओळखीचे आहे. तोच कंपोझिट व्हिडिओ, तोच साधारण १ व्होल्टचा सिग्नल. ही केबल तुटली तर सोल्डर करून जोडता येते, नवी घरी बनवताही येते.

दुसरा प्रकार डिजिटलचा, आणि अडचण तिथे आहे. डीजेआय कंपनीने २०१९ साली एफपीव्हीसाठी डिजिटल यंत्रणा बाजारात आणली. पुढे वॉकस्नेल अवतार आणि एचडीझीरो यांसारख्या यंत्रणा आल्या, डीजेआयचे ओ३ युनिट नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि ओ४ जानेवारी २०२५ मध्ये आले. यांत कॅमेरा आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये एक चपटी किंवा गोल गुंडाळलेली केबल असते. बाहेरून ती एक दोरी दिसते. आत डझनाहून अधिक तारा असतात आणि प्रत्येक तार स्वतः एक कोअॅक्सिअल केबल असते : मध्ये वाहक, त्यावर आवरण, त्यावर धातूची जाळी, त्यावर पुन्हा आवरण. डिश टीव्हीची जाड केबल केसाएवढी बारीक केली अशी कल्पना करावी. अशा केबलींत ३६ ते ४२ गेजच्या तारा वापरतात. त्यांतील ४० गेजची तार ०.०८ मिलिमीटर जाड असते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे, कारण इथेच चांगले कारागीर घसरतात. कॅमेऱ्यातील सेन्सर चित्र मोबाइलच्या कॅमेऱ्याप्रमाणेच मिपी नावाच्या पद्धतीने पाठवतो. तारांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतून सेकंदाला कोट्यवधी बिट वाहतात आणि सिग्नलची उंची फक्त २०० मिलिव्होल्टच्या आसपास असते. जोडीचा विरोध ठरलेला असतो, १०० ओहमचा. केबल टीव्हीच्या काळात वायरीला मध्येच पीळ मारून जोड दिला की पडद्यावर भुताप्रमाणे दुसरी सावली दिसे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तिथे जोड वाईट असला तरी चित्र दिसत तरी असे. इथे जोड दिला तर चित्र येतच नाही, किंवा टेबलावर येते आणि हवेत जाते. म्हणून डिजिटलची केबल सांधायची नाही, कापून आखूड करायची नाही, मधली एक तार निसटली म्हणून ती सोल्डर करायच्या फंदात पडायचे नाही. ती पूर्ण बदलायची. मोबाइलची पट्टी फाटली तर आपण ती सांधत नाही, तसेच हे.

दोष केबलीतच आहे कशावरून?

या कामात पैसा मिळतो तो इथे आणि जातोही इथेच. ओ३ युनिट बाजारात आले तेव्हा कॅमेऱ्यासह त्याची अमेरिकेतील किंमत २२९ डॉलर होती. केबल त्याच्या लहानशा हिश्श्यात येते. गिऱ्हाईक दुकानात येतो तेव्हा तो घाबरलेला असतो आणि "पूर्ण युनिट गेले" असे कोणी सांगितले तर तो मानतो. उलट "केबल बदलू, होईल" असे पटकन सांगून केबल मागवली आणि दोष कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये निघाला, तर आपले पैसे अडकतात आणि तोंडही बंद होते. तेव्हा पेचकस उचलण्याआधी गॉगलमध्ये काय दिसते ते नीट पाहावे.

चित्र काळे आहे पण बॅटरीचे व्होल्ट, वेळ, सिग्नलचे आकडे पडद्यावर येत आहेत, अशी स्थिती असेल तर ट्रान्समीटर जिवंत आहे आणि गॉगलशी त्याचे बोलणे चालू आहे. बिघाड कॅमेरा, केबल किंवा त्यांच्या दोन जोडांपैकी एकात आहे. डिजिटल यंत्रणेत कधीकधी कॅमेऱ्याच्या दोषाची सूचनाही येते. अॅनालॉगमध्येही असेच, कारण अक्षरे फ्लाइट कंट्रोलरवरील वेगळी चिप काढते आणि ती कॅमेरा नसतानाही काढू शकते.

आकडेही नाहीत, नुसता बर्फ किंवा "सिग्नल नाही" असे येते, तर केबलीच्या नादी लागू नये. अँटेना, ट्रान्समीटर किंवा त्याला मिळणारी वीज पाहावी.

चित्र येते-जाते, रंगीत पट्टे उमटतात, मध्येच गुलाबी किंवा हिरवी छटा येते, आणि बोटाने केबल हळूच हलवली की बदल होतो, तेव्हा केबल किंवा तिचा जोड यांवर संशय पक्का होतो. मोटारी फिरवल्या की चित्र जाते आणि थांबल्या की येते, हाही त्याच जातीचा दोष. कंपनाने ढिला संपर्क सुटतो. मात्र अॅनालॉगमध्ये वेग वाढवला की चित्रावर आडव्या रेषा वाढत जात असतील, तर तो बहुधा मोटारींच्या विजेचा गोंगाट असतो. तिथे आधी ग्राउंडची तार आणि बॅटरीच्या तारांवरील कपॅसिटर तपासावा.

आता केबलीची दोन्ही टोके उघडून भिंगाखाली पाहावीत. आपटल्यानंतर केबल तुटलेली नसते, फक्त प्लग एका बाजूने उचकटलेला असतो, असे पुष्कळदा घडते. तो काढून सरळ बसवला की काम संपते. (अशा वेळी फक्त तपासणीचे आणि बसवण्याचे पैसे घ्यावेत. गिऱ्हाईक पुढच्या वेळी दहा किलोमीटरवरून येईल.)

प्लग ठीक असेल तर खात्रीची परीक्षा एकच : त्याच मॉडेलची, चालू असल्याची खात्री असलेली केबल लावून पाहणे. ज्याला हे काम नियमित करायचे आहे त्याने प्रचलित दोन-तीन मॉडेलांची एकेक केबल फक्त परीक्षेसाठी राखून ठेवावी आणि ती विकू नये. त्या केबलीवर चित्र आले, दोष सिद्ध झाला. नाही आले, तर कॅमेरा किंवा ट्रान्समीटर. मीटरने "बीप" घेऊन केबल तपासता येईल असे वाटते, पण या प्लगमधील पिना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतरावर असतात. मीटरची टोके दोन पिनांना एकदम लागतात आणि दाबाने पिना वाकतात. शिवाय बीप वाजला म्हणून सिग्नल जाईल असे नाही. जाळी फाटलेली तारही बीप देते.

अॅनालॉगमध्ये मात्र मीटर उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या प्लगवर लाल आणि काळ्यात ५ व्होल्ट येतात का ते पाहावे. येत असतील तर बॅटरी काढून तिन्ही तारांचा बीप घ्यावा आणि घेताना तार वाकवत राहावी, कारण सिलिकॉनच्या आवरणात तुटलेली तार सरळ असताना जुळलेली राहते. एवढे करूनही उलगडा झाला नाही तर चित्राची तार फ्लाइट कंट्रोलर टाळून थेट ट्रान्समीटरला लावून पाहावी.

काम करण्याची रीत

सर्वांत आधी बॅटरी बाहेर आणि चारही प्रॉपेलर बाहेर. हे सांगायला नको असे वाटते, तरी सांगतो. सहा सेलची पूर्ण चार्ज बॅटरी २५.२ व्होल्टची असते आणि तिच्या तारा एकमेकींना लागल्या तर पेचकसाचे टोक वितळते. टेबलावर चुकून सुरू झालेल्या मोटारीचे पाते बोटाला काय करते, याचे वर्णन करण्याची गरज नाही. वीज चालू असताना कॅमेऱ्याचा प्लग कधीही काढू किंवा लावू नये. अंगावरील स्थिर विजेसाठी मनगटपट्टा आणि चटई मोबाइलच्या कामाला वापरतो तीच.

दुसरे, उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. केबल कोणत्या खांबाच्या आतून गेली, किती वळण दिले होते, कोणती बाजू वर होती, हे नंतर आठवत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडल्याने ती जाऊ शकते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे आणि कार्डावर लिहून घ्यावे.

कॅमेरा बाजूच्या स्क्रूंनी पिंजऱ्यात धरलेला असतो. हे स्क्रू बाजूला काढताना त्यांची लांबी मोजून वेगळे ठेवावेत. कारण परत बसवताना एक-दोन मिलिमीटर लांब स्क्रू घातला गेला, तर तो कॅमेऱ्याच्या पोटात घुसतो आणि आपण केबल बदलता बदलता कॅमेरा मारतो. कॅमेऱ्याच्या पाठीचे झाकण अगदी बारीक स्क्रूंनी लावलेले असते आणि त्यांवर बहुधा गोंद असतो. पेचकसाचे टोक माप तंतोतंत जुळणारे घ्यावे. स्क्रू हलत नसेल तर जोर न करता सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या डोक्याला काही सेकंद टेकवावे, गोंद मऊ होतो. डोके एकदा गोल झाले की अर्ध्या तासाचे काम दिवसाचे होते. ट्रान्समीटरच्या बाजूलाही झाकण असते. त्याखाली उष्णता वाहून नेणारी मऊ गादी असेल तर ती फाटू देऊ नये आणि होती तिथेच परत ठेवावी. ती नीट बसली नाही तर यंत्र तापून बंद पडेल आणि गिऱ्हाईक म्हणेल, केबल खराब दिली.

आता प्लग. पुष्कळ प्लगांवर तारेची किंवा पत्र्याची एक बारीक कडी आडवी पडलेली असते. ती प्रथम चिमट्याने उभी करावी, मगच प्लग काढावा. कडी न उचलता ओढले तर पाटीवरचा सॉकेटच उपटून येतो, आणि मग ते केबलीचे काम राहत नाही. प्लग कोणत्या दिशेने निघतो हे भिंगातून ठरवावे. काही सॉकेटमध्ये तो पाटीला समांतर सरकत आत-बाहेर होतो, काहींत वरून दाबून बसतो आणि वर उचलून निघतो. मोबाइलच्या पट्टीची सवय असलेला हात सगळे प्लग वर उचलायला जातो. इथे थांबून पाहावे. ओढायचे ते प्लगच्या धातूच्या कडेला धरून, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे थोडे. तारांना धरून कधीच नाही.

नवी केबल मागवताना "ड्रोनची केबल द्या" म्हणून चालत नाही. कॅमेऱ्याचे नाव, ट्रान्समीटरचे नाव आणि लांबी, तिन्ही सांगावे लागते. दोन कंपन्यांचे प्लग दिसायला सारखे असले तरी पिनांचा क्रम सारखा असेलच असे नाही आणि त्या पिनांतून वीजही जाते. प्लग आत गेला म्हणजे केबल जुळली, असे समजणारा माणूस एका क्षणात कॅमेरा आणि ट्रान्समीटर दोन्ही घालवतो. दोन्ही टोकांचे प्लग एकाच बाजूला तोंड करून आहेत की उलट बाजूंना, हेही जुन्या केबलीशी शेजारी ठेवून पडताळावे. लांबी जुनीएवढीच घ्यावी. फार लांब केबल गुंडाळून ठेवावी लागते, फार आखूड असली तर ताणून बसते आणि पहिल्याच धक्क्यात सुटते.

बसवताना प्लग सॉकेटच्या तोंडाशी सरळ टेकवून दोन्ही कोपरे जुळले की नाही ते भिंगातून पाहावे, मग समान दाब द्यावा. जोर लागतो आहे असे वाटले तर थांबावे. बरोबर बसणारा प्लग जोर मागत नाही. तिरका बसला तर विजेची पिन शेजारच्या सिग्नलच्या पिनेवर जाण्याचा धोका असतो. शेवटी कडी खाली पाडावी. कडी सहज पडली नाही तर प्लग पूर्ण आत गेलेला नाही, असे समजावे.

अॅनालॉगच्या नव्या केबलीविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावी : रंगावर भरवसा ठेवू नये. तयार प्लगमधील तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो आणि लाल तार कधी ग्राउंडच्या जागी येते. कॅमेऱ्याच्या पाठीवर छापलेली अक्षरे पाहून, मीटर लावून, गरज असेल तर प्लगमधील पिना सुईने सोडवून अदलाबदल करावी. २६ ते २८ गेजची सिलिकॉन आवरणाची तार चांगली; तिन्ही एकमेकींभोवती हलक्या पिळाव्यात. सोल्डर करण्याआधी श्रिंक नळी तारेत ओवून ठेवणे आपण सर्वजण विसरतो, म्हणून आठवण.

तुटली कशाने?

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचा धागा पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटू लागला, तर जाणता विणकर गाठ मारून थांबत नाही. तो फणी तपासतो. केबलीचेही तसेच आहे. जुनी केबल फेकण्यापूर्वी तिच्यावर खूण कोठे आहे ते पाहावे, म्हणजे दोषी कोण ते कळते.

मध्यभागी स्वच्छ काप असेल तर केबल बाहेर लोंबत होती आणि प्रॉपेलरने खाल्ली. चपटा चिमटा बसल्यासारखी खूण असेल तर ती वरची पाटी आणि खांब यांच्यामध्ये सापडली होती, म्हणजे आधी उघडणाऱ्याने घाईत बंद केले. प्लगजवळच तुटली असेल तर आपटल्यावर कॅमेरा मागे ढकलला जातो आणि केबल तिथे दुमडते. पिंजऱ्याच्या बाजूच्या पाट्या वाकल्या किंवा तडकल्या आहेत का ते पाहावे. नुसती केबल बदलून त्याच तडकलेल्या पिंजऱ्यात बसवली, तर महिनाभरात ते गिऱ्हाईक परत येईल आणि ते दुरुस्तीसाठी येणार नाही, भांडायला येईल. झिप टाय आवळून बांधल्याची खोल खूण असेल तर दोष बांधणाऱ्याचा. आणि एका कडेने घासत घासत आवरण गेले असेल तर ते कार्बन फायबरचे काम.

कार्बन फायबरविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण आपल्या नेहमीच्या कामात ही वस्तू येत नाही. ड्रोनचा सांगाडा याच पदार्थाचा असतो. दिसायला प्लॅस्टिक, पण कापलेली कड पत्र्यासारखी धारदार असते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातून वीज वाहते. केबलीचे आवरण घासून गेले आणि ५ व्होल्टची तार सांगाड्याला लागली, सांगाडा दुसरीकडे ग्राउंडला लागलेला असला, की शॉर्ट झालाच. म्हणून केबल जिथून कडेवरून वळते तिथे ती कड बारीक पॉलिश पेपरने मारावी, सांगाडा तेव्हा ओल्या फडक्यावर धरावा म्हणजे भुकटी उडत नाही. ही भुकटी नाकात जाऊ देऊ नये आणि उघड्या पाटीवरही पडू देऊ नये. मग केबलीवर कापडी टेप किंवा कॅप्टन टेपचे एक आवरण द्यावे. नाव ऐकून हसू येते, पण दुकानात "कॅप्टन" म्हणूनच पिवळी उष्णतारोधक टेप मिळते. खरे नाव कॅप्टॉन.

केबलीला कॅमेऱ्याजवळ एक छोटे सैल वळण ठेवावे. आपटल्यावर कॅमेरा हलेल तेवढी मोकळीक त्या वळणातून मिळते. तीक्ष्ण घडी नको. बांधायचे असेल तर झिप टाय नुसता टेकेल एवढाच ओढावा. प्लगवर गरम गोंद ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. डिजिटलच्या प्लगवर ती करू नये. पुढच्या वेळी काढताना सॉकेट हाती येतो. स्क्रूला निळे लॉकिंग द्रव लावायचे ते धातूत धातू जात असेल तरच. कॅमेऱ्याचे कवच प्लॅस्टिकचे असेल तर हे द्रव काही प्लॅस्टिकांना तडे पाडते.

पहिली वीज आणि पहिले उड्डाण

वायरमन बंधू नव्या जोडणीची परीक्षा सीरिजमध्ये बल्ब लावून घेतात. शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि माल वाचतो. ड्रोनवाल्यांनी हीच युक्ती स्मोक स्टॉपर नावाने घेतली आहे. बाजारात तो तयार मिळतो, पण बॅटरीच्या एका तारेत गाडीचा बल्ब घालून घरीही बनतो : चार सेलला १२ व्होल्टचा, सहा सेलला २४ व्होल्टचा. पहिली वीज नेहमी यातूनच द्यावी. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद राहिला तर ठीक. सतत प्रखर पेटला तर लगेच बॅटरी ओढावी. मात्र डिजिटल युनिट चालू झाल्यावर बराच प्रवाह घेते, त्यामुळे बल्ब थोडा उजळेल. एकदा शॉर्ट नाही अशी खात्री झाली की पुढची चाचणी थेट बॅटरीवर करावी.

वीज देण्याआधी अँटेना लावलेला आहे ना, ते पाहावे. अँटेनाशिवाय ट्रान्समीटर चालवला तर तो जळू शकतो. हे युनिट हवेत वाऱ्याने थंड राहतात. टेबलावर एक छोटा पंखा त्याच्यावर रोखून ठेवावा आणि चाचणी काही मिनिटांत उरकावी. चित्र आले की बोटाने केबल हळूच हलवून, सांगाड्यावर पेचकसाच्या मुठीने टकटक करून पाहावे. अॅनालॉग कॅमेऱ्याची काच कामात फिरली असेल तर चित्र धूसर दिसेल. ती दूरच्या वस्तूवर पुन्हा जुळवावी.

या चाचणीत हयगय का चालत नाही, ते सांगतो. पाच इंची पात्यांचा ड्रोन बॅटरीसह साधारण सहाशे-सातशे ग्रॅम भरतो आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. स्वतः जुळवलेल्या बहुतेक ड्रोनमध्ये रिमोटचा सिग्नल आणि चित्राचा सिग्नल वेगवेगळ्या मार्गांनी जातात. रिमोटचा सिग्नल तुटला तर ड्रोन ठरवून दिल्याप्रमाणे मोटारी थांबवतो किंवा परत फिरतो. चित्र गेले तर त्याला काहीच कळत नाही. तो उडत राहतो आणि उडवणारा आंधळा होतो. खाली लग्नाचा मांडव असेल, लहान मुले असतील. मोबाइलचा कॅमेरा चालला नाही तर फोटो येत नाही, एवढेच.

म्हणून उड्डाणाची चाचणी मोकळ्या जागी, माणसांपासून दूर, प्रॉपेलर लावून, डोक्याएवढ्या उंचीवर दोन-तीन मिनिटे व्हावी. उडवावे ड्रोनच्या मालकाने. शेजारी एकजण उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे पाहत उभा असावा. गॉगलमध्ये रेकॉर्ड होणारे चित्रण नंतर संथपणे पाहावे. क्षणभराचा खंड उडवताना डोळ्याला कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये कळतो.

दुकानाच्या गच्चीवरून ड्रोन उडवून पाहण्याचा मोह टाळावा. ड्रोन नियम २०२१ मध्ये लागू झाले. त्यांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची मर्यादा आहे. लष्करी आणि इतर संवेदनशील जागांचे लाल क्षेत्र निराळे. मुंबईत पोलीसही वेळोवेळी मनाई हुकूम काढतात. नकाशा पाहूनच जागा ठरवावी आणि ड्रोनची नोंदणी मालकाने केली आहे का, ते काम घेतानाच विचारून घ्यावे.

हिशेबाविषयी

दराचे दोन भाग ठेवावेत : तपासणीचा एक आणि केबल बसवण्याचा दुसरा. तपासणीचे पैसे काम होवो न होवो घ्यावेत, ते आधी सांगून. केबलीची किंमत बिलात वेगळी दाखवावी. परदेशातून येणारा माल महिनाभर लागू शकतो. तारखेचे वचन देताना ते धरून चालावे. साठा करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण मॉडेल लवकर बदलतात आणि जुन्या मॉडेलच्या केबली ड्रॉवरमध्ये पडून राहतात. परिसरातील लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या दोन-चार जणांशी बोलून ते कोणती यंत्रणा वापरतात ते विचारावे आणि त्याच आधी शिकाव्यात.

दुरुस्तीच्या कार्डावर पाच गोष्टी असाव्यात : कॅमेऱ्याचे आणि ट्रान्समीटरचे नाव, आत आले तेव्हा गॉगलमध्ये काय दिसत होते, जुनी केबल कोठे तुटली होती, त्याचे कारण म्हणून आणखी काय दुरुस्त केले, आणि टेबलावरच्या व उड्डाणाच्या चाचणीचा निकाल. जुनी केबल लहान पिशवीत घालून कार्डाला टाचून परत द्यावी.